बारा द्राक्षं

सारागोसाच्या बसमध्ये नूरियाच्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. बोलण्यावरून तिला एवढं कळलं, की तरुण डिल्सिया होंडुरासहून आलीय आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळते; आणि पांढऱ्या केसांच्या निवृत्त बाई तिची नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतायत, तीही फुकट.

"वर्ष संपताना, बाराच्या ठोक्यांवर स्पेनमध्ये किती द्राक्षं खातात?"

"सहा."

"सहा काय गं! आठ वर्षं राहतेस ना इथं?"

"सहाच, बाई. मी सोलून, बिया काढून ठेवायची. एका ठोक्याला कामावरच्या आजींच्या तोंडात, पुढच्या ठोक्याला माझ्या. त्यांना भरभर गिळता यायचं नाही."

"अगं, माणशी बारा खायची असतात. ठोक्याला एक."

"आजी म्हणायच्या, आपण दोघी मिळून एक माणूस."

"म्हणू देत. पेपरात मात्र बारावर खूण कर, नाहीतर माझं नाक कापशील."

"करीन. यंदा तर बाराच्या बारा मलाच खायचीयत."

"का गं?"

"आजी गेल्या ना, सप्टेंबरात."

नूरियाचा थांबा आला आणि मागे गेला. ती उठलीच नाही.

"डिल्सिया."

"हं, बाई?"

"एकतीसला माझ्याकडे ये."

"नको, बाई. तुमच्याकडे पाहुणे असतील."

"कुठले पाहुणे? मी आणि टीव्ही. आणि ही मेली कवळी बसवल्यापासून मलाही सहाच जमतात."