गोळ्यांना भोकं नसतात

लेक : पण ताप आला म्हणून आत्याने शर्टाचं बटण गिळलंच कसं?

बाबा : पाण्याबरोबर.

लेक : बाबा, मी हसत नाहीये.

आत्या : ताप उतरला हो पण.

लेक : तो आपला आपण उतरला, आत्या. बटणाने नाही.

बाबा : हिला कितीदा सांगितलं, भोकं असली तर बटण, नसली तर गोळी. नीट बघून घ्यायचं.

आत्या : बघणार कशाने? चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून देतो म्हणालास, दादा. अजून देतोच आहेस.

लेक : मुळात गोळ्या बटणांच्या डब्यात कशाला? दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहून मी लोकांना हेच सांगते, आणि माझ्याच माहेरी ही तऱ्हा.

बाबा : मी काय विकत आणतो का? गिऱ्हाइकं पँट आखूड करायला देतात, खिसे कोण बघतंय. परत द्यायला गेलं की म्हणतात, राहू द्या मास्टर, तुम्हालाच लागतील कधीतरी.

लेक : ही कुणाची?

बाबा : गणिताच्या शिक्षकांची. गुडघ्यासाठी, चांगली जबर. गुडघा केव्हाच बरा झाला.

लेक : मग अजून का घेतात?

बाबा : कंबरेचं माप घेताना मीही हेच विचारलं. म्हणाले, ही घेतली की घरातली माणसं शेजारच्या घरात बोलतायत असं वाटतं.

आत्या : बघू जरा ती.

लेक : आत्या, हात मागे घे. ही अफूच्या जातीतली असते. आधी दुखणं घालवते, मग दुखणं नसलं तरी स्वतःच हवीशी वाटते. आणि ही?

बाबा : वकिलीच्या परीक्षेला बसला होता ना, त्याची. झोप उडवायची गोळी. रात्र रात्र जागून वाचलं आणि ऐन पेपरात घोरला. सगळ्यांना चाव्या फिरवायच्या असतात बघ. कुणाला घड्याळ पुढे हवं, कुणाला बंद.

लेक : आणि खोकल्याच्या औषधाची ही रिकामी बाटली? ती कशी खिशात मावेल?

बाबा : मावते. मीच शिवलाय खिसा. एका गिऱ्हाइकाच्या पोराच्या कोटाला, आतून, बाटलीच्या मापाचा.

लेक : बाबा.

बाबा : तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? म्हटलं, खोकला फार दिसतोय. मग तो भरदुपारी पायरीवर डोळे मिटून हसत बसलेला दिसला. खोकला म्हणून नव्हताच. कोट दुरुस्तीला आला तेव्हा तो खिसाच उसवला आणि बाटली मोरीत ओतली. त्याने मला शिव्या घातल्या. त्याच्या आईने दोन झंपर शिवायला टाकले.

आत्या : त्यातला एक तंग झाला.

बाबा : आपला विषय तो नाही.

लेक : आपला विषय ही झोपेची गोळी आहे. ही गिऱ्हाइकाची नाही, तुमची आहे. आणि मीच आणून देतेय. डॉक्टरांनी हळूहळू कमी करा म्हणून सांगितलं, तरी दर खेपेला तुम्ही नवं पाकीट मागता.

बाबा : सुटत नाही गं.

लेक : एकदम सोडू नकाच. त्यांनी आता अर्धी घ्यायला सांगितलीय.

बाबा : कापायचं माझ्यावर सोड. खडूने खूण करतो आणि मारतो कात्री.

लेक : आणि अर्धी मोठी झाली तर?

बाबा : आतून दुमडून घेईन.

लेक : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. खरं सांगा, का लागते रोज?

बाबा : तुझी बस जाईल.

लेक : रात्री फोन करते.

बाबा : करशीलच. गोळी घेतली का, विचारायला.

लेक : मग दुसरं काय विचारू?

बाबा : काही नाही. छत्री विसरू नकोस.

(दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता बाबांचं हृदय थांबलं. पंधरवड्यानंतर तीच खोली, तोच डबा.)

आत्या : बटणं ठेवायची, गोळ्या टाकायच्या. बरोबर?

लेक : टाकायच्या नाहीत, मी दुकानात नेते. तिथून नष्ट करायला पाठवतात. हातातलं बटण आहे, आत्या.

आत्या : माहितीये. आता दोनदा बघते मी. आणि हे काय गं, तळाशी?

लेक : झोपेच्या गोळ्या. मी आणलेलीच पाकिटं. पण ही तर भरलेली आहेत. सगळीच.

आत्या : असणारच.

लेक : असणारच म्हणजे? रोज रात्री फोनवर सांगायचे, आत्ताच घेतली म्हणून.

आत्या : सांगायचा. डॉक्टरांकडे जाऊन, त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू केव्हाच सोडली होती त्याने. मला म्हणाला, तिला बोलू नकोस.

लेक : पण माझ्याशी खोटं कशाला?

आत्या : म्हणायचा, गोळी सुटली असं कळलं तर फोनही सुटेल. दुसरं काय विचारावं ते पोरीला सुचत नाही.

लेक : आणि तू गप्प बसलीस.

आत्या : मीही ऐकायचे ना तो फोन. नऊ वाजले की हा शर्ट बदलून बसायचा. म्हटलं, अरे, तिला दिसत नाहीस तू.

लेक : शर्ट बदलून?

आत्या : इस्त्रीचा. हसतेस की रडतेस?

लेक : मला कळत नाहीये.

आत्या : मग त्याला सांगायचं राहिलं असेल ते माझ्या डाव्या कानात सांग. त्या कानाने मला काही ऐकू येत नाही, म्हणजे माझ्याकडून बाहेर जायचं नाही.

लेक : डाव्यानेच तर तुला ऐकू येतं, आत्या.

आत्या : हो का? मग उजव्यात सांग. ये.

लेक : बाबा, गोळीचं नुसतं निमित्त होतं. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मलाच झोप लागायची नाही. अजूनही लागत नाही.