नजर हलवायची नाय

मी भित्रा मानूस हाय, हे पयलं लिवून घ्या, मंग बाकीचं सांगतो. जन्म नवापूरचा, घर दर्याला इतकं जवळ की मोठ्या उधानाला पानी ओट्यापर्यंत येतं, आजा खलाशी, बापूस खलाशी, मोठा भाऊ हरेश खलाशी, आनि मी जगदीश, मी गेली एकोनीस वर्षं सायकलवरून बोईसरला कंपनीत जातो, पॅकिंगला. गावात इचारलंत तर सांगतील, जग्याला दर्या सोसत नाय. दर्या सोसतो हो. काय सांगू तुमाला, दर्याची काय चूक नाय त्यात.

मी पन एक वर्ष होडीवर गेलो होतो, विशीत. आमच्याकडं पोरगा पयल्यांदा होडीवर चढला की तांडेल त्याला जाळं शिकवायच्या आदी एक गोष्ट शिकवतो. तांडेल म्हनजे होडीचा म्होरक्या, आमचा तांडेल काकाच. मानूस पान्यात पडला तर ओरडायचं, आनि ज्यानं पयला बघितला त्यानं त्याच्याकडं बोट करून उभं राहायचं. बाकीचे इंजिन बघतील, दोर टाकतील, त्यानं दुसरं काय नाय करायचं, बोट करायचं आनि नजर हलवायची नाय, पापनी पन नाय. कारन लाटांत मानसाचं डोकं नारळाएवडं दिसतं, एकदा नजर सुटली की परत गावत नाय.

आता पुढचं तुमी ओळखलंच असेल. जाळं सोडताना दोराचा वेढा हरेशदादाच्या पायात आला, दुपारची वेळ, लख्ख ऊन, आनि तो पान्यात. पाय सुटला त्याचा, वर आला, हात हलवला. बघितला मी. ओरडलो, बोट केलं, सगळं शिकवल्यासारखं केलं. काकानं होडी वळवायला घेतली, वळताना ती आडवी झाली, एक लाट माज्या अंगावर आली आनि मी डोळे मिटले. भीतीनं मिटले, दुसरं कारन नाय. किती वेळ, एक दोन तीन म्हना. उघडले तर पानीच पानी. हात तसाच ताठ होता माजा, बोट तसंच, पन कशाकडं दाखवत होतो ते मलाच म्हायीत नाय. दोन दिवस गावच्या सगळ्या होड्या फिरल्या, शेजारच्या मुरबे गावच्या पन आल्या. नाय गावला.

वैनीचं लग्न होऊन दोन वर्षं पन झाली नव्हती. तिनं मला एकदाच इचारलं, दहाव्याच्या दिवशी, भावजी, तुमी बघत होतात ना त्यांच्याकडं? मी म्हटलं, शेवटपर्यंत बघत होतो वैनी, लाट आडवी आली. बस, तेवडंच. आनि त्याच्यावर ती बाई एकोनीस वर्षं जगली. बाजारात कोनी इचारलं तर सांगते, माजा मानूस एकटा नाय गेला, माज्या दिरानं शेवटपर्यंत नजर सोडली नाय. मी तिथं असलो तर काय तरी निमित्त काढून उठतो.

तेवापासून मला सगळ्याची भीती. गॅसच्या शेगडीची भीती, कंपनीच्या भोंग्याची भीती, मागून येनाऱ्या टँकरची तर इचारूच नका. सायकल जोरात चालवायला मी काय हौसेनं शिकलो नाय, टँकर मागं यायच्या आत नाका गाठायचा, म्हनून शिकलो. कंपनीच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन जाताना त्यांची बारीक टायरची सायकल मला देऊन गेले, मंग तर मी कोनालाच गावेना.

कंपनीत माज्या लाइनीवर सोनू हाय, गोरखपूरकडचा, पंचवीस-सव्वीसचा असेल, बोईसरला चौघांच्यात खोली घेऊन राहतो. त्याला सायकलीचं येड, सुट्टीला पालघरपर्यंत ते लोक टोळी करून जातात. एकदा मला पन नेलं. रेल्वे फाटकापासून एक ट्रक आमच्या मागं लागला, तर मी उमरोळी स्टेशन येईपर्यंत मागं बघितलंच नाय. सोनू धापा टाकत आला, बोलला, चाचा, डर के मारे इतना भागते हो, तो रेस में कितना भागोगे. आनि माज्या नावाचा फॉर्म भरून मोकळा.

क्रिटेरियम म्हनतात त्या रेसला, नाव तोंडात बसायला मला आठवडा गेला. ह्या गावातून त्या गावात जायचं नाय, कंपन्यांच्या मधल्या बंद रस्त्यावर सव्वा किलोमीटरचा चौकोन, चार वळनं, पाऊन तास तिथंच फिरत राहायचं, चाळीस-पन्नास जन एकमेकाला चिकटून, शेवटच्या फेरीला घंटी. लय मागं पडला त्याला शिट्टी मारून भायेर काढतात. आनि कोन पडला तर थांबायचं नाय, बघायचं पन नाय. हे सोनूनं मला दहादा सांगितलं, चाचा, गिरनेवाले को मत देखो, जिधर देखोगे उधर जाओगे. मी मनात म्हटलं, बाबा रे, माजे तर डोळेच मिटतात, मी काय बघनार. खरंच सांगतो, एकोनीस वर्षं झाली, कायपन अंगावर आलं की मिटतात, आपोआप.

नाय म्हननार होतो. पन वैनी बोलली, जा भावजी, चाळिशी आली तुमची, एकदा तरी चार मानसांच्या मधी जा. आनि मला पन एक बघायचं होतं, हे सोनूला पन मी सांगितलं नाय, की पाऊन तास आपल्याला डोळे उघडे ठेवून राहता येतं का. नंबर-बिंबर नाय, एवडंच.

त्या दिवशी सकाळी वैनीनं माज्या पाठीवर नंबराचा कागद लावला, चार पिना. ती घट्ट चड्डी घालून मी ओट्यावर उभा, शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. तीनदा मोरीत जाऊन आलो. वैनी बोलली, भावजी, पाठ का थरथरते? मी म्हटलं, थंडी वाजते. चैत्रात थंडी. तिनं चौथी पिन लावली आनि पाठीवर हात फिरवला.

शिट्टी झाली आनि पयल्या फेरीतच माजी पाचावर धारन बसली. डाव्या कोपराला एकाचं कोपर, पुढच्याचं चाक वीतभर लांब, मागून कोन तरी आत घे, आत घे ओरडतो. दर्याकडच्या सरळ रस्त्यावर वारा तोंडावर यायचा, तिथं मला जरा बरं वाटायचं, कोनाच्या आड राहायचं, कुटल्या अंगाला, वारा आमाला शिकवावा लागत नाय. पन तिसरं वळन. तिथं गटाराचं लोखंडी झाकन, आनि भायेरच्या बाजूला पेंढ्याच्या गोन्या रचलेल्या, म्हनजे मानूस इथं पडनार हे त्यांनी आदीच ठरवलेलं. पयल्या फेरीला तिथं डोळे मिटले. दुसऱ्या फेरीला मिटले. पापनीएवडंच, पन मिटले, आनि उघडले की पुढचं चाक आनखी जवळ. मी स्वताला शिव्या घातल्या, आईवरून घातल्या, लिवू नका तेवडं. सातव्या की आठव्या फेरीला उघडे राहिले. सगळं वळन दिसलं, झाकन, गोन्या, बाजूला एक कुत्रा पाय चाटत बसलेला. तुमाला वाटेल मंग भीती गेली असेल. नाय हो, वाढली. दिसायला लागली ना.

घंटीला दोन-तीन फेऱ्या राहिल्या असतील. सोनू माज्या पुढं, दोन सायकली सोडून. तिसऱ्या वळनाला त्याचं मागचं चाक झाकनावरून सरकलं आनि तो आडवा, रस्त्याच्या मदोमद. रेसचे बूट असतात त्यांचे, पॅडलात अडकून बसतात. त्याचा पाय सुटेना. त्यानं हात वर केला, हलवला.

मी त्याला चाटून भायेरच्या अंगानं गेलो, कसा गेलो देव जाने. आनि मी ओरडलो, पडला रे पडला, होडीवर ओरडतात तसा, हात सोडला, त्याच्याकडं बोट केलं, मान मागं वळवली आनि नजर ठेवली. सायकल पुढं जाते, मी मागं बघतो, मागून तीस जन सुटलेत, सगळे माज्या अंगावर आल्यासारखे, जन्मात कदी इतका भ्यालो नव्हतो, त्या दिवशी होडीवर पन नाय. पन डोळे उघडे. त्याचं हेल्मेट दिसत होतं, हात दिसत होता, अडकलेला पाय दिसत होता. पापनी नाय हलवली. आनि तसाच मी सरळ गोन्यांत गेलो.

हे बघा, इथं, गळ्याजवळचं हाड, उजवीकडचं. शिट्टीवाले साहेब धावत आले, ओरडले, अहो काका, समोर बघायचं सोडून मागं काय बघता, मरायचंय का? बरोबर बोलले ते. मंग सोनू लंगडत आला. सायकलवाल्यांच्यात रीत असते, रस्त्यात खड्डा असला, दगड असला, की पुढचा हात करून दाखवतो, मागचे समजतात. त्या तिसांनी माजं बोट बघितलं आनि दोन बाजूंनी फाकले, सोनूला एकाचं पन चाक लागलं नाय. चाचा, आपका हाथ देखा सबने, असं बोलला आनि माजा हात धरून बसला. ती रीत मला शिकवलेली होती, पन खरं सांगतो, त्या वक्ताला सायकलीचं काय आठवलं नाय मला. मी होडीवर होतो. पेंढ्यात बसून रडलो, लोकांना वाटलं हाड दुखतं.

सोनूनं घरी येऊन वैनीला सगळं सांगितलं, त्याच्या मोडक्या मराठीत, हातवारे करून. उजवा हात बांधलेला, म्हनून ती मला भरवते सध्या. त्या दिवशी बोंबलाचं कालवन होतं, भात कालवला, घास पुढं केला आनि बोलली, भावजी, तुमची नजर मला म्हायीत हाय, ह्यांना सोडली नाय, त्या पोराला कशी सोडाल? पोट भरलं म्हटलं आनि उठलो.

तुमी बिचारे रेसचं लिवायला आलात आनि मी हे काय सांगत बसलो. पन महिना झाला, झोपेत मी तेच बघतो, आनि सोनू नाय दिसत मला, पानी दिसतं. रेसमधी इतका वेळ जमलं, मंग त्या दिवशी होडीवर तीन आकडे मोजेपर्यंत का नाय जमलं? आनि तिच्याकडं दुसरं हाय काय? तेवडंच तर हाय तिच्याकडं, की तो एकटा नाय गेला. ते पन मी काढून घेऊ? सांगा तुमी. नको, तुमी नका सांगू. तुमी सांगितलंत तर उद्या मी तुमचं नाव पुढं करेन, मला मी म्हायीत हाय.

लिवलंत ना ते, डोळे मिटल्याचं? खोडू नका. राहू दे. ती बघा, अंगनात काठ्यांवर बोंबील घालते. सातवी झालेली हाय, वाचता येतं तिला, पन चष्मा कुटं ठेवते तो वेळेवर गावत नाय, तुमीच वाचून दाखवा. देव तुमचं भलं करो, सावकाश वाचा, मधी थांबू नका. मी तिच्या समोर बसतो, तिच्या तोंडाकडं बघत. काय पन दिसू दे.

वैनी, ओ वैनी, हात पुसून जरा आत या.