डब्यातला मासा आन् केंदूरचं पाव्हणं

आन् डोकं? त्याचं डोकं कुठं गेलं? न्हाई, तुम्हीच सांगा बायांनो, तुम्ही काय आज पयल्यांदा चुलीपुढं बसलाय व्हय… डोकं न्हाई, शेपूट न्हाई, डोळा न्हाई, आन् म्हणं मासा! मासा म्हंजी कसा, त्यानं टोपलीतनं आपल्याकडं बघितलं पायजे. त्याच्या डोळ्यावरनंच तर कळतंय, आजचा हाय का परवाचा. आन् ह्यो डब्यातला! कुठल्या समुद्रातला, कुणी धरला, कुणी कापला, काय पत्ता न्हाई. डब्यावर समदं इंग्रजी! मी शाळेची पायरी चढले न्हाई, पर माझा ल्योक महेंद्र पयलीत व्हता तवा त्याच्या पुस्तकातनं त्याच्या आधी मी वाचाय शिकले. मिठाच्या पुडीपासनं ग्रामपंचायतीच्या नोटिशीपर्यंत समदं वाचते, कुणाच्या बापाला इचारत न्हाई. पर त्या डब्यावर मराठीत एक अक्षर न्हाई! असतं तर ही येळ आली नसती. अख्ख्या भांडगावात मासं करावं तर अनसाबाईनं, असं म्हणायची माणसं… म्हणायची! आता न्हाई म्हणत.

ऐका तर पयल्यापासनं. माझा नातू साई. कुरकुंभच्या कंपनीत हाय, पर्मनंट हाय, अंगापिंडानं धड हाय, दारू न्हाई, तंबाखू न्हाई, आन् वय झालं बत्तीस. पोरगी मिळंना! बायोडाटा वाटत फिरतोय आम्ही, जशा काय निवडणुकीच्या चिठ्ठ्या. एकीला पुण्यात फ्लॅट पायजे. एकीला शेती पायजे, पर शेतात पाय ठिवायचा न्हाई. एकीच्या आईनं तर फोनवर इचारलं, "घरात म्हातारं माणूस कोण हाय?" महेंद्र म्हणला, "माझी आई हाय की." तिकडनं फोनच कट! म्हंजी आता नातवाच्या लग्नासाठी मी मरायचं व्हय? तसं असलं तर तसं सांगा म्हणावं, मुहूर्त काढू!

अशात केंदूरचं स्थळ आलं. शंभूराव म्हणून बागाईतदार हायती, त्यांची पोरगी धनश्री. रांजणगावच्या कंपनीत कामाला, मैत्रिणींसंगं खोली करून ऱ्हाती. तिला साई पसंत, साईला ती पसंत, दोघं हाटेलात चहा पिऊनबी आली. मग राह्यलं काय? तर घर बघाय यायचं. पूर्वी पोरीचा बाप यायचा, चुलता यायचा, वासं मोजायचं, गोठ्यात डोकवायचं आन् जायचं. आता पोरगी सोता येती. येऊ दे की, ऱ्हायचं तिला हाय. मी त्याला नाव ठिवत न्हाई. मला कुणी आधी घर दावलं असतं तर मी तरी कशाला आले असते!

तर शंभूरावांचा फोन आला. महेंद्र म्हणतोय, "पाव्हणं, बोकड सांगतो." ते म्हणले, "मटण काय, नेहमीचंच. तुमच्या दौंडाकडं उजनीचं मासं म्हणं लई भारी, तेवढं खाऊ घाला." झालं! मी फोन हिसकावला. म्हणलं, "पाव्हणं, ह्या अनसाबाईच्या हातचा चिलापीचा रस्सा खाऊन कुणी दुसऱ्या दारात पोरगी दिली न्हाई!" आता असं कवा झालंय? कवाच न्हाई. पर बोलण्याच्या भरात माणसाचं तोंड म्होरं जातंय आन् आपण मागनं पळत ऱ्हातो…

आन् नेमका पाव्हणं यायच्या दिवशी सकाळी दौंडच्या मासेवालीचा फोन. "आज्जे, वारं लई सुटलंय, होड्याच गेल्या न्हाईत पाण्यात." साईला यवतला पिटाळला, तर तिथंबी टोपल्या पालथ्या. महेंद्र म्हणतो, "आई, कोंबडी कापू." अरं मुडद्या, शब्द माझा गेलाय, कोंबडीचा न्हाई! माझी सून वैष्णवी, बचत गटाची अध्यक्ष हाय, सदानकदा मिटिंगीत. तिला घरातबी मिटिंग लागती. हाताची घडी घालून म्हणती, "आत्या, आपण पर्याय बघू." म्हणलं, बघ बाई. तर तिनं बघितलं साईकडं, आन् साईनं बघितलं खाटंखाली, आन् खाटंखालनं काढलं खोकं. जिमला जातो न्हवं तो! प्रोटीन म्हणं. मोबाईलवरनं मागवलेलं, चपटं चपटं डबं, बूट पालिशच्या डबीचं थोरलं भावंड. "आजी, मासाच हाय ह्यात." मी उलटा केला, सुलटा केला, कानापाशी हालवला. डोकं न्हाई, शेपूट न्हाई, आन् म्हणं मासा!

उघडायला कडी व्हती, ती पयल्याच हिसक्यात माझ्या बोटात आली. मग विळा घेतला. तवर भिताडावरनं डोस्कं वर आलं मेहरुनचं. शेजारीण हाय माझी. ईदची खीर तिची माझ्याकडं, दिवाळीच्या करंज्या माझ्या तिच्याकडं, मधलं समदं वरीस भांडण. "ओ वैनी, आमच्या पोरीनं, जास्मिननं, आणलं व्हतं एकदा असलं. कांदा परतायचा, वरनं घालायचं, झालं. लई काय करू नगा त्याला."

लई काय करू नगा? मला? "मेहरुन," म्हणलं, "तू लगीन होऊन ह्या गावात आलीस तवा तुला मासा चिरायला कुणी शिकवला?"

"तुम्हीच की."

"मग!"

"करा बाई," म्हणली, आन् भिताडावर हनुवटी टेकून बघत बसली. तमाशाला पयल्या रांगंत बसावं तशी.

आता मासा म्हणल्यावर आधी काय? धुवायचा! आपली चिलापी कसली असती, गाळातली. राख लावून फरशीवर घासल्याबिगर, मीठ-हळद चोळल्याबिगर तिचा चिखलाचा वास हालतो का जागचा? हाताला वळण पडल्यालं. बसले मोरीत. पयला डबा उपडा केला, राख लावली, घासाय लागले… आन् हातात काय? राख! मासा कुठाय? मोरीच्या जाळीतनं गेला! समुद्रातनं आलेला, पुन्हा पाण्यात! मेहरुन वरनं वरडती, "वैनी, जिता झाला बघा, पवत गेला!" दुसरा डबा फोडला. हळू घासला. हळूहळू गेला. मग राख सोडली, पुढचं डबं नुसत्या मिठाच्या पाण्यातनं काढलं, तर हातात आला त्यो जोंधळ्याच्या कण्यांवाणी चुरा. साई दारात उभा, तोंड येवढं येवढं झालेलं. "आजी, ते धुवायचं नसतं…" म्हणलं, तू जिमला जा!

मग काय, कांदा-खोबरं भाजलं, काळा मसाला, लसूण, चिंच, समदं जिथल्या तिथं. आन् उकळू दिला चांगला. मासा कच्चा राह्यला तर पाव्हण्यांची पोटं बिघडायची, सोयरीक दवाखान्यात व्हायची! उकळला, उकळला, आन् व्हता नव्हता तो चुराबी इरघळला. नुसतं पाणी दिसाय लागलं. रस्सा दाट यावा म्हणून मूठभर डाळीचं पीठ लावलं. झाकण ठिवलं. मोटारीचा हॉर्न वाजला दारात, आन् मी झाकण काढून बघितलं.

पिठलं! खरं सांगते, पातेलंभर पिठलं.

पाव्हणं आलं. शंभूराव, ती पोरगी, आन् शंभूरावांची थोरली बहीण आक्काबाई. आक्काबाईनं मासं-मटण कवाच सोडल्यालं, तिच्यासाठी वांग्याची भाजी येगळ्या पातेल्यात. पोरगी साधी, केस वर बांधल्यालं, आली तशी पाया पडली आन् घरभर फिरून आली. बसली पंगत. वाढलं. शंभूरावांनी घास घेतला.

"वा मावशी! पिठलं झ्याक झालंय!"

महेंद्रनं छताकडं बघितलं. काय लिव्हल्यालं छताला काय म्हाईत, निम्मं जेवण तो तिकडंच बघत व्हता. शंभूरावांनी आणखी घेतलं. पुन्हा आणखी घेतलं. मग भाकरी एका अंगाला सारली, ताटाचा कोपरा बोटानं निपटून लख्ख केला, आन् म्हणले, "हां. आता मासं येऊ द्या. जागा ठिवलीय!"

वैष्णवी म्हणली, "येतंय, येतंय!" आन् सैपाकघरात पळाली. मी तिच्या मागनं.

"आत्या, काय येतंय?"

"मला काय इचारती? येतंय तू म्हणलीस!"

"मी येळ काढला, आत्या!"

"मग काढ अजून!"

आता बघा माझी गत. मासा हाय म्हणून सांगावं तर अनसाबाईचं नाव मातीत. मासा न्हाई म्हणावं तर शब्द मातीत. आन् दोन्हीत साईची सोयरीक टांगलेली, त्यो पोरगा भाकरीचा येकच तुकडा कवाधरनं चावतोय. म्हणलं, गप ऱ्हायचं. मांजरानं न्हेला म्हणायचं. मांजर काय येत न्हाई केंदूरला साक्ष द्यायला.

आन् तेवढ्यात शंभूरावांनी काय करावं? शेजारी आक्काबाई बसलेली, तिला म्हणले, "आक्का, तू वांगंच काय खातीस, पिठल्याला काय हुतंय, बघ तरी चव!" आन् आपल्या हातानं वाटी उचलून तिच्या ताटाकडं न्हेली. आक्काबाईनंबी भाकरीत खड्डा केला. महेंद्र छताकडं. वैष्णवी भिताडाला चिकटलेली.

तुम्हाला सांगते, माझा गुडघा सकाळी उठताना देवाचं नाव घेतो. पर तवा मी कशी उठले ते त्या गुडघ्यालाबी कळलं न्हाई. वाटीच हिसकावली! "आक्काबाई, थांबा! पिठलं न्हाई ते. मासा हाय!"

सोयरीक मोडली तर मोडली. दुसऱ्याच्या दारात मांडी घालून बसतं माणूस, ते कशाच्या जिवावर? वाढणारणीच्या. आक्काबाईनं येवढी वरसं पाळलेलं माझ्या पंगतीत मोडायचं, आन् वर मी सून आणायची? तसली सून मला नगं.

शंभूराव ताटाकडं बघत बसलं. "म्हंजी… मी खाल्लं ते?"

"मासा."

"डोकं न्हाई, शेपूट न्हाई…"

"मी तेच म्हणतीय सकाळधरनं!"

आक्काबाईनं हात धुतला आन् माझा हात धरला. नुसता दाबला. आन् तेवढ्यात सैपाकघरातनं आवाज. पोरगी पाणी प्यायला म्हणून आत गेलेली, कोपऱ्यातलं फोडल्यालं डबं सापडलं तिला. एक हातात धरून भायेर आली. "आजी, विळ्यानं उघडलं तुम्ही? आन् मोरीत राख कशी काय?" 

"धुतला," म्हणलं. "राखंनं." 

"धुतला?… आजी, ह्ये शिजवल्यालंच असतंय! लिहिलंय की हितं! आम्ही खोलीवर डब्यातनंच खातो, शिफ्ट सुटली की!" आन् बसली की खाली हासत, डोळ्याला पदर… पदर कुठला, ओढणी लावून! भिताडापलीकडनं मेहरुनचाबी आवाज येतोय हासण्याचा. आन् मी मधी उभी, हातात वाटी.

गेलं पाव्हणं. जाताना शंभूराव म्हणलं, "कळवतो." आता 'कळवतो' म्हंजी काय ते ह्या तालुक्यात काय आन् त्या तालुक्यात काय, समद्यांना म्हाईत हाय. राह्यल्यालं डबं साईनं माळ्यावर टाकलं. महेंद्र नुसता सुस्कारं सोडतोय. वैष्णवी म्हणती, "आत्या, यातनं आपण शिकलं पायजे." मेहरुन भिताडावर आली, माझ्याकडं बघितलं आन् काय न बोलता खाली गेली. ती गप बसली तवा मी खरी भ्याले. पोराची सोयरीक मी मोरीत घासून घालवली, दुसरं काय!

आन् दोन-तीन दिसांनी फोन. पोरीची पसंती हाय!

महेंद्र नाचतोय, वैष्णवीनं पेढं वाटलं, साईच्या तोंडावर रंग आला. मीबी हरखले. म्हणलं, बघा, खरं बोलल्याचं फळ! पर माझा सभाव खोदून इचारायचा. फोन घेतला. म्हणलं, "धनश्री, खरं सांग बाळ, काय आवडलं तुला? घर? साई? का मी वाटी हिसकावली ते?"

"तेबी आवडलं, आजी. पर खरं सांगू? मला सैपाकातलं काय सुदिक येत न्हाई. पप्पा येता येता गाडीत सांगत व्हतं, त्या घरात लई मोठी सुगरण हाय. मला घामच फुटलेला. म्हणलं, जन्मभर बोलणी खायची. मग तुमचं मासं खाल्लं… आन् माझी भीतीच गेली बघा! माझ्यापेक्षा वाईट करणारं माणूस हाय घरात!"

आता बोला!

पेढा तोंडात व्हता माझ्या. गिळवंना, थुकवंना. साईनं हात जोडलं. "आजी, तू काय बोलू नगंस. लगीन हुस्तोवर तरी तिला तुझ्या हातचं चांगलं काय खाऊ घालू नगंस. पळून जाईल ती!" आन् लगीन झाल्यावर? ऱ्हाणार कुठं? हितंच न्हवं! म्हंजी ह्या वयात, चुलीपुढं केस पांढरं केल्यावर, आता म्या वाईट सैपाक शिकायचा. 

शिकतीय. काय करता. काल मुद्दाम आमटी करपवली, मीठ दुप्पट टाकलं, आन् मेहरुनला वाटीभर दिली चाखायला. तिनं भुरका मारला, डोळं मिटलं, बोट चाटलं आन् म्हणती कशी, "वैनी, अजून चांगलीच लागतीय की ओ. मेहनत कमी पडतीय तुमची."