तीच काच परत

बाबा: आता बघ. आधीचं बरं, की हे बरं?

ठिणगी: सारखंच. तीच काच परत घातलीत तुम्ही.

बाबा: कसं कळलं?

ठिणगी: अकरा वर्षं बघतेय बाबा. काढायची, फुंकर मारायची, तीच परत घालायची. आणि गिऱ्हाईक छाती काढून सांगतं, ‘हां, हे बरंय!’

बाबा: फसवत नाही गं. बघून सांगतायत, की नुसतं मला बरं वाटावं म्हणून, ते कळतं त्यानं.

ठिणगी: न्हावीकाकांच्या वेळी कळलं होतं?

बाबा: त्या वेळी मागे स्टुलावर चढून खालची ओळ कोण कुजबुजत होतं? टीचभर पोरगी, सहा वर्षांची!

ठिणगी: त्यांना येतच नव्हतं! चेहरा इतका पडला होता. मला वाटलं, नापास होतील बिचारे.

बाबा: नापास व्हायलाच तर आले होते! चष्मा न घेता गेले आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमनचा एक कल्ला उडवला. महिनाभर अर्धी गल्ली टोप्या घालून फिरत होती.

ठिणगी: तुम्ही पण.

बाबा: मी तर पहिला. आई तुझी बघून बघून हसायची. जेवताना ठसका लागायचा तिला.

ठिणगी: ...विषय बदलू नका. चौथ्यांदा तपासताय माझे डोळे. दाखल्यावर सही करा. पाचच्या आत बंदरावर फोन करून हो की नाही सांगायचंय. क्रेन शिकायला मागे पन्नास जण उभे आहेत.

बाबा: मग कर की. मी कुठे अडवतोय? तूच ठरव.

ठिणगी: हेच! यानंच डोकं फिरतं माझं. शाळा सोडतानाही हेच. ‘शाळा की दुकान, तूच ठरव.’ आई जाऊन महिना झाला होता. तुम्ही ताटावर बसायचात आणि तसेच उठायचात. मी काय ठरवणार होते, कप्पाळ?

बाबा: मला माहीत होतं तू ‘दुकान’ म्हणशील. म्हणून विचारलं. नसतं माहीत, तर विचारायची छाती झाली नसती.

ठिणगी: आणि मी तीन वर्षं सांगत फिरले, माझी मर्जी! बाई घरी समजवायला आल्या, तर त्यांच्याशी भांडले मी.

बाबा: आत बसून ऐकलं सगळं. बरं वाटलं होतं. तेही सांगून टाकतो.

ठिणगी: मलाही आवडायचं हो. सकाळी शटर वर गेलं की कपाटातल्या फ्रेमा एकदम चमकायच्या. तुम्ही शीळ घालत पुसत बसायचात, मी चहा ओतायची. ते खोटं नव्हतं. म्हणूनच तर राग येतो. त्यातलं माझं कुठलं आणि तुमचं कुठलं, वेगळं करताच येत नाही.

बाबा: या वेळी करू. मी तोंड फिरवून उभा राहतो. माझ्याकडे न बघता ठरव.

(तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून उभा राहतो.)

ठिणगी: कॉलर उसवलीय मागून.

बाबा: कॉलरकडे बघू नकोस!

ठिणगी: आणि खांदे हलतायत.

बाबा: मग डोळे मीट, बाई.

ठिणगी: नाही मिटत. वळा इकडे. वळा म्हणते ना! तुम्ही नाहीतच असं धरून ठरवलं, तर ते ठरवणारी दुसरीच कोणीतरी. मी नाही.

बाबा: वळलो. बघ.

ठिणगी: एकटे पडाल. भाजी करपवाल. दोन दिवस कोणाशी बोलणार नाहीत. सगळं दिसतंय मला.

बाबा: दिसतंय ना?

ठिणगी: हो. तरी जाते.

बाबा: ...सकाळची गाडी घे. दुपारच्या गाडीत ऊन सरळ डोळ्यांवर येतं.