काळी पोत कुठं घालायची?

गॅदरिंगच्या नाचासाठी ठुशी हवी होती, म्हणून मी अकोल्याच्या जुन्या शहरात पटवेकाकांकडे बसले होते. ते मणी ओवत होते आणि माझे कान एकदम मोकळे! शेजारी दोन बायका होत्या. काका एकीला नईमाभाभी म्हणत होते, दुसरीला गोदावरीताई. नईमाभाभींच्या हातात काळी पोत होती.

"इतवारी माह्या रुबीनाचा निकाह हाय. अन् सासरचे म्हणतात, काळी पोत नको, ते हिंदूचं हाय."

"कोन म्हणते? तुमच्यातबी घालतातच ना!"

"तेच तर! माह्या नानीनं घातली, अम्मीनं घातली, मी तीस वर्सं घालून राहिली. आमी तिघीबी बिघडलो का?"

"रुबीना काय म्हणते?"

"तिले घालाचीच हाय. माह्या नानीची हाय ना ही! पण गळ्यात दिसली का सासू तोंड फुगवन."

"मंग गळ्यात घालू नका."

"मंग काय पायात घालू?"

"मनगटाले गुंडाळा. आमची श्रावणी मंगळसूत्र तसंच घालते. गळ्यात असलं का धरम, मनगटाले असलं का फॅशन. फॅशनले कोनी काही म्हनत नाई."

"या अल्ला! पटवेभाऊ, हिले मनगटाच्या मापाची करा."

"नानीची पोत कापू का, भाभी?"

"कापू नका, तीन वेढे येऊ द्या. पन ताई, तुमच्या श्रावणीच्या सासूले हे चाललं?"

"कुठचं! महिनाभर अबोला धरला होता तिनं."

"मंग?"

"मंग काय? सासू मीच व्हय. न बोलता माहंच पोट दुखून राहिलं होतं."