बाळाच्या शीमधली साखर

अरे, आम्ही डिंडोलीत राहायचो तेव्हाची गोष्ट. पोरगी दीड महिन्याची, दिवसभर पातळ शी, म्हणून लॅबमध्ये तपासायला दिली. रिपोर्ट वाचून मी ओरडलोच, "शीमध्ये साखर!"

आई बायकोवर उसळली, "मी म्हनत व्हते ना! त्या गुजराती शेजारणीची गुळाची डाळ खाते, तीच दुधात उतरली!" त्या दिवशी आलेली डाळीची वाटी आईनं तशीच परत धाडली. आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोरीचं वजन केलं अन् हसले. "मस्त वाढतेय! साखर आईच्या दुधातच असते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये ती थोडी येतेच. आजार नाही!"

परतताना आईनं पेढे घ्यायला लावले. मला वाटलं, देवापुढे ठेवणार. तर म्हणाली, "आधी शेजारणीला दे. अन् डाळ उरली असंल तर घेऊन ये."