लाडवाच्या रंगाच्या पुढे

मी मूळची उरणची, म्हणजे उरणच्याही पुढे, करंज्याची. बाप मचव्यावर जायचा, आई पाटी घेऊन बाजारात बसायची आणि आम्ही चार बहिणी घरी कोळंबी सोलून उन्हात घालायचो, सोडे करायला. बोटं सोलवटलेली असायची, तरी शाळेत जायचो, मग मास्तर बोलायचे मागच्या बाकावर बसा, वास येतो. तेव्हापासनं ऐकते मी हे, वास येतो. तू तुमच्या कामगार बायकांच्या पत्रकासाठी चार ओळी मागायला आलीस, पण चार ओळीत काय बसणार बाय, त्या स्टुलावर बस, मी हे ढवळताना बोलते, मला हात थांबवता येत नाही. तेलात मैदा आहे नुसता. आत्ता पांढरा दिसतोय. बघत राहा. आणि तो फोन जरा इकडे सरकव, माझ्या बाजूला.

लग्न झालं आणि मी ह्यांच्यामागून इकडे लंडनला, हाउन्सलोला आले, हे विमानतळावर सामान चढवायला होते, आता गुडघे गेले म्हणून घरी असतात. मी लागले विमानांच्या जेवणाच्या कारखान्यात, कुठल्या ते नाव नको लिहू, सगळीकडे तेच आहे. लोकांना वाटतं किचन म्हणजे स्वयंपाक. कसला स्वयंपाक, भिंतीला कार्ड लावलेलं, एका ट्रेत भात एवढा, चिकन एवढं, वर झाकण दाबायचं, पुढचा ट्रे. आणि काय सांगू तुला, अकरा वर्षं मी तिथे काढली आणि एक घास चाखायची परवानगी नव्हती. हजारो माणसांचं जेवण आमच्या हाताखालून जायचं आणि मीठ आहे का नाही ते आम्हाला ठाऊक नाही, बोट लावलं तर वॉर्निंग. ज्या बाईला चव घेऊ देत नाहीत तिला ते कुक म्हणायचे, हे तेवढं तुझ्या पत्रकात घाल.

तिथे माझ्या शेजारी ओडेट आली. अमेरिकेची, लुइझियानाची, तिकडे खाली समुद्राजवळ दलदलीत त्यांचं गाव, बाप कोळंबीच्या बोटीवर. घरात जुनं फ्रेंच बोलायचे, केजन म्हणतात त्या लोकांना. इंग्रज नवऱ्यामागून आली होती, नवरा दुसरीकडे गेला आणि ही राहिली हाउन्सलोत एका खोलीत. माझं इंग्लिश तेव्हा बेताचं, आणि तिचं इंग्लिश ह्या इंग्रजांना बेताचं वाटायचं, सुपरवायझर तिच्या बोलण्याची नक्कल करायचा, म्हणून आमचं जमलं. एकदा कार्डावर नवीन ट्रे आला, केजन चिकन. म्हणजे काय, तर पिशवीतनं लाल पावडर यायची, ती चिकनवर भुरभुरायची, झालं केजन. ओडेट ते कार्ड बघत राहिली, मग मला बोलली, सुनंदा, हे कोणाचंच जेवण नाही. मी बोलले, रड नको, दोन टेबलं सोडून माझी करी चालली आहे, पिवळी पावडर, ती पण कोणाची नाही. आम्ही दोघी मास्कमध्ये एवढ्या हसलो की लाइन थांबली, त्याची वॉर्निंग मिळाली ती वेगळी.

आणि सोडे. माझी बहीण दर वर्षी पाठवते, तो मागचा डबा आहे ना, तो. मी एकदा सोडे घातलेला भात नेला डब्यात, तर कॅन्टीनमध्ये बायकांनी नाकाला रुमाल लावले, आणि संध्याकाळी भिंतीवर कागद, वासाचं जेवण आणू नये. बघ, करंज्याची शाळा सोडून मी सातासमुद्रापार आले तरी मागचाच बाक. पण ओडेट आपलं सँडविच टाकून माझ्यासमोर येऊन बसली, काही न विचारता डब्यातला एक सोडा उचलला, तोंडात टाकला, आणि डोळे मिटून चावत राहिली. मग बोलली, माझा बाप हे फळ्यांवर वाळवायचा, उन्हात, आम्ही पोरं पायांनी वरखाली करायचो. त्या दिवसापासनं मी दोन डबे नेत होते. कागदाला घाबरून बाहेर बसस्टॉपवर बसून खायचो आम्ही, थंडीत, पण खायचो.

बघ, आता पीठ पिवळसर झालं. अजून खूप जायचंय.

दोन हजार पाच साली ऑगस्ट संपताना तिकडे वादळ आलं, तू टीव्हीवर बघितलं असशील, तेव्हा तू शाळेत असणार. ओडेटच्या आईचं घर पाण्यात गेलं. म्हातारीला नातेवाइकांनी ह्यूस्टनला नेलं, जिवंत होती, फोनवर बोलायची, पण एकच विचारायची, माझी काळी कढई कुठे आहे. ऑक्टोबरात गेली. ओडेट सुपरवायझरकडे रजा मागायला गेली, मी सोबत होते दारात, मी ऐकलं आहे माझ्या कानांनी. तो बोलला तू एजन्सीची आहेस, कंपनीची नाही, एजन्सीवाल्यांनी रजा दोन आठवडे आधी सांगायची, गेलीस तर जागा धरून ठेवणार नाही. दोन आठवडे आधी. म्हणजे आईने मरायच्या आधी कळवायला पाहिजे होतं का. मी तेव्हा काही बोलले नाही त्याला, ते मला अजून टोचतं. आज असते ना, बोलले असते.

तर ओडेट तिकडे गेली नाही. बसमध्ये मला बोलली, आमच्याकडे माती दिली की सगळे घरी येऊन गंबो खातात, आमचं काळपट दाट कालवण, आणि त्याचं पीठ मोठ्या मुलीने ढवळायचं असतं, मोठी मी आहे. शनिवारी तिकडे सकाळी दहाला चर्च, म्हणजे आपल्याकडे चारला, भाऊ फोन धरून ठेवणार आहे, मी ऐकेन आणि त्याच वेळी इकडे करेन, म्हणजे ते जेवतील तेव्हा मी पण जेवेन. पण हात. झाकणं दाबून दाबून तिचं मनगट गेलं होतं, पट्टा बांधलेला, चमचा धरवत नव्हता. तिने विचारलं, सुनंदा, तू ढवळशील? मी बोलले, ढवळणं काय मला शिकवतेस, दहाव्या वर्षापासनं दिवाळीचं बेसन मी भाजते.

शनिवारी सकाळची शिफ्ट करून दोघी इथे आलो, ह्याच किचनमध्ये. ओडेटच्या खोलीत नुसती इलेक्ट्रिक शेगडी होती, आणि माझ्याकडे ही बिडाची कढई, तिने बघितली आणि बोलली, अगदी तशीच. चिकन होतं, भेंडी पंजाब्याच्या दुकानातली, धुरावलेलं सॉसेज त्या नवीन पोलिश दुकानातनं, कांदा, सेलरी, ढोबळी मिरची चिरून ठेवली, आणि सोडे माझे. तिने मला सांगितलं, तेल आणि मैदा सारखा, आच बारीक, हात थांबवायचा नाही, जुन्या पेनीचा, तांब्याच्या नाण्याचा, रंग येईल, तिथे थांबू नको, चॉकलेटसारखं होऊ दे, मग कांदा टाक, कांदा पडला की रंग तिथेच थांबतो. मी हो बोलले. तेवढ्यात फोन आला, ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

मी ढवळत होते. फोन स्पीकरवर होता, बायका गात होत्या, मग पाद्री बोलायला लागला, फ्रेंचमध्ये काहीतरी, आणि मध्येच विमान गेलं डोक्यावरून, इथे तर दर दोन मिनिटांनी जातं, ओडेट फोन कानाला दाबून ओरडली, काय बोलला, काय बोलला, परत सांग. आईबद्दल बोललेलं पोरीला ऐकू येईना, आणि त्या विमानात आम्हीच सकाळी भरलेले ट्रे. आणि पीठ लाडवाच्या रंगावर आलं. अगदी खमंग. बाय, तो वास आला ना की माझ्या आईचा हात दिसतो मला, ती मागून बोलायची, बस, आता उतरव, एक क्षण जास्त झाला तर कडू होईल, मग लाडू फेकावे लागतात. मला करपल्याची भीती, वर छतावर तो धुराचा अलार्म. ओडेटने काय सांगितलं ते मी ऐकलं होतं, पण हाताने नव्हतं ऐकलं. मी कांदा टाकला.

ओडेट आत आली तेव्हा डोळे पुसून आली होती. कढईत बघितलं.

सुनंदा, तू थांबलीस.

मी बोलले, करपत होतं. ती बोलली, नाही, होत होतं. आणि ह्या स्टुलावर बसली, तू बसली आहेस ना, तिथेच, आणि बोलली, जाऊ दे, तिकडे आता निघालेच असतील घरी, खाऊ हेच. चिडली असती तर बरं झालं असतं. एक दिवस तिने मागितला होता, एक काम मला दिलं होतं, आणि रजा न देणारा तो आणि कांदा टाकणारी मी, दोघांनी मिळून तिच्या आईचं जेवण काढून घेतलं, असं मला वाटलं.

मी कढई उचलली, ते सगळं पातेल्यात ओतलं, कढई धुतली, पुसली, परत तेल घातलं. ती नको नको बोलत होती. मी बोलले, तू माझ्या मागे उभी राहा, हात धर माझा, आणि मी थांबायला लागले की थांबू देऊ नको. पट्टा बांधलेला हात तिने माझ्या हातावर ठेवला. लाडवाचा रंग आला, माझा हात जड झाला, तिने ढकलला. पेनीचा रंग आला, परत ढकलला. आणि मग मला सुचलं की हे बेसन धरूच नये, हे काळ्या वाटणाचं सुकं खोबरं धरावं. मटणाच्या वाटणाला खोबरं आपण काळपट होईपर्यंत भाजतोच की, तेव्हा कुठे हात घाबरतो. मी मनात बोलले सुनंदा, खोबरं भाज. आणि हात सुटला. वास बदलला, कॉफीसारखा झाला, धूर झाला, अलार्म बोंबलायला लागला, हे आतनं लुंगी सावरत आले आणि खुर्चीवर चढून त्या अलार्मला पेपरने वारा घालायला लागले, विचारतात, पिठलं जाळलंत का. ओडेट रडता रडता हसली.

मग परत कांदा चिरून टाकला, सगळं टाकलं, पाणी घातलं, तास दीड तास उकळलं. वाटलं होतं तिकडचं आटपलं असेल, पण भाऊ फोन धरून होता, तिकडच्या चमच्यांचा आवाज येत होता. शिजलं तेव्हा ओडेटने चमचा भरला, फुंकला, आणि माझ्यापुढे धरला. मला बोलली आधी तू, मीठ बघ. इतकी वर्षं कामावर कोणी मला चमचा दिला नव्हता. मी चाखलं, थोडं मीठ लागेल बोलले. मग तिने खाल्लं. भाताबरोबर, वर बटाट्याचं सॅलड, तसंच खातात ते. फोन तोंडाजवळ घेतला आणि भावाला बोलली, माझं पण झालं. एवढंच. पहिलं ते पिवळं आम्ही दुसऱ्या दिवशी चपातीबरोबर संपवलं, ह्यांना तेच जास्त आवडलं, अजून बोलतात.

दोन वर्षांनी ती लाइन बंद केली, एजन्सीच्या बायका एका फोनवर कमी केल्या, ओडेट परत गेली तिकडे, घर नसलेल्या गावात. पण दर वर्षी त्या दिवशी, तिच्या आईच्या दिवशी, ती फोनचं कार्ड खरवडून फोन करायची, बरोबर चारला, मी कढई ठेवायची, ती तिकडे ठेवायची, फोन दोघींचा स्पीकरवर, आणि आम्ही ढवळायचो. ती विचारायची कुठे आलीस, मी बोलायची लाडू. मग ती बोलायची, चल पुढे.

हे दोन हजार नऊ. आता पावणेपाच झाले, फोन वाजलेला नाही तू बघतेसच. गेल्या रविवारी मी लावला होता, फोनमधली बाई बोलते हा नंबर चालू नाही. भावाचा नंबर मी कधी घेतला नव्हता, घ्यायला पाहिजे होता. काय झालं असेल, काही नसेल, नंबर बदलला असेल, लोक बदलतात. पण मला सारखं वाटतं ती पण तिकडे कढईजवळ उभी असेल आणि तिच्याकडनं माझा नंबर हरवला असेल. फोन असाच राहू दे. साडेपाचपर्यंत तरी राहू दे.

बघ आता, हा लाडवाचा रंग. वास आला ना? इथे माझा हात अजून थांबतो, चार वर्षं झाली तरी थांबतो, आणि मागे ढकलायला कोणी नाही. इकडे ये जरा. लिहायचं ठेव बाजूला. तुझा हात ठेव माझ्या हातावर, असा, आणि जोर लाव. घाबरू नको, करपत नाही, होतंय. झालं की पहिला चमचा तुला, मीठ तू सांग. आणि तुझ्या त्या बायकांना, सगळ्यांना, शिजवतील तिथे चाखायला मिळो, एवढंच मागणं आहे माझं. ढकल, बाय. अजून ढकल.